वांग्याचे बी आणि जालन्याची पेठ

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. निजामी अमदानीतील ह्या पेठेच्या भरभराटीचे वर्णन तिच्यात आहे. गेल्या साठ वर्षांत मात्र ह्या पाळण्यात सोन्याऐवजी बियाणे जोजवले गेले, आणि आपल्या अन्नाविषयीचा एक मोठा वाद येथूनच देशभर गेला. त्या वादाचा इतिहास आपण समजून घ्यावयास हवा, कारण तो आपल्या ताटापर्यंत येऊन पोहोचला आहे.

सन १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले ह्यांनी जालन्यात 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली. तत्पूर्वी त्यांनी 'पुसा सावनी' ह्या भेंडीच्या वाणाचे बियाणे वाढवून पाहिले होते. पुढे ज्वारी, बाजरी, कापूस ह्यांची संकरित बियाणी शेतकऱ्यांच्या हाती पडली आणि पीक वाढले. ह्या कार्यासाठी बारवाले ह्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार लाभला. हे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो. पण ह्या भरभराटीची एक किंमतही होती. पूर्वी एखादे चांगले वांगे झाडावरच पिवळे होऊ देत. त्याचे बी धुऊन, राखेत घोळून, वाळवून घरची बाई गाडग्यात ठेवी. संकरित पिकाचे बी पुढच्या वर्षी मूळच्या गुणाचे निघत नाही. म्हणून गाडगे अडगळीत गेले आणि दरवर्षी पिशवी विकत आणण्याची रीत पडली.

पुढचा टप्पा जनुकांचा होता. मातीत राहणाऱ्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' ह्या जिवाणूचे जनुक पिकात घातले की त्या पिकाच्या पेशी अळीला मारक असे प्रथिन तयार करतात. २००२ मध्ये अशा बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली. त्यानंतर शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीवर उपाय म्हणून महिकोने बीटी वांगे विकसित केले. धारवाड व कोइमतूर येथील कृषी विद्यापीठेही ह्या कामात होती. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्याला संमती दिली आणि वादळ उठले. कापूस अंगावर घालावयाचा. वांगे मात्र चंपाषष्ठीच्या भरितापासून रोजच्या कालवणापर्यंत पोटात जाणारे. शिवाय वांगे हे ह्याच भूमीचे अपत्य. मधमाशांनी परागकण वाहून नेले तर गावोगावच्या देशी वाणांचे काय होईल, हाही प्रश्न होता.

तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनी जानेवारी व फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. बियाण्याच्या प्रश्नावर शेतकरी, शास्त्रज्ञ व ग्राहक ह्यांना एकत्र बसवून त्यांचे ऐकून घेण्याचे असे प्रसंग आपल्याकडे विरळाच. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. शास्त्रज्ञांत एकमत नाही आणि घाई करण्याचे कारणही नाही, असे त्यांनी म्हटले.

दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. वांग्यावर होणारी विषारी फवारणी कोणाच्याच हिताची नाही. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ मध्ये बीटी वांग्याला मान्यता दिली. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले जनुकबदल केलेले कापूस-बियाणे उघडपणे पेरून, निवडीचे स्वातंत्र्य आम्हांसही हवे, असे बजावले. मात्र अळीही शिकते. २०१७ मध्ये महाराष्ट्रातील बीटी कापसावर गुलाबी बोंडअळीने घातलेला घाला हा त्याचा पुरावा होय.

सेंद्रिय शेतीचा मार्ग ह्याहून वेगळा, पण कष्टाचा आहे. किडलेले शेंडे खुडून नष्ट करणे, कामगंध सापळे लावणे, निंबोळी अर्क फवारणे, पिकांची फेरपालट करणे, हे त्याचे उपाय. त्यासाठी रोज शेतावर नजर ठेवावी लागते. केंद्राच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार जनुकबदल केलेले बियाणे त्यात चालत नाही. म्हणजे येथेही पहिला प्रश्न बियाण्याचाच येतो. बाजार बीटी कापसाने भरून गेल्यावर साधे बियाणे शोधता शोधता सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्यांची दमछाक झाली, ती ह्याचमुळे. उलट, अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे ह्यांनी देशी वाण घरोघर जपून ठेवले. त्या कार्याचा गौरव २०२० च्या पद्मश्रीने झाला.

वाद संपलेला नाही. २०२० मध्ये दुसऱ्या एका बीटी वांग्याच्या क्षेत्र-चाचण्यांना केंद्रीय समितीने सशर्त संमती दिली. त्या वाणांमागची कंपनीही जालन्याचीच होती. विज्ञानाला दार बंद करावे, असे आमचे म्हणणे नाही. पण शेतकऱ्याला खरी निवड हवी असेल तर पिशवीबरोबर गाडगेही भरलेले असावयास हवे. ज्या दिवशी घरात एकही बी उरणार नाही, त्या दिवशी विचार करण्याजोगे काहीच उरणार नाही. विकत घेणे तेवढे राहील.