लॉर्ड्‌सवरचे दोन तृतीयांश

क्लबाच्या समितीला नेमका अधिकार किती, हा वाद निघाला की मला एमसीसी आठवतो. लॉर्ड्‌सवरचा, १७८७चा. क्रिकेटचे नियम साऱ्या जगासाठी हाच लिहिणार, पण बाईला सभासदत्व नाही! १९९१मध्ये इंग्लंडच्या माजी कप्तान रेचल हेहो फ्लिंट यांनी मागितलं, तेव्हा सभासदांनी नकार दिला.

फेब्रुवारी १९९८मध्ये तर अध्यक्ष कॉलिन इंगलबी-मॅकेन्झी आणि समिती, दोघंही बायकांच्या बाजूने. मतं पडली बाजूने ६,९६९, विरोधात ५,५३८. म्हणजे बहुमत झालंच की! पण घटनाबदलाला दोन तृतीयांश हवेत. ठराव आपटला.

आपल्याकडे असतं तर कुणीतरी पळवाट शोधली असती. समितीने तोच प्रश्न सप्टेंबरमध्ये पुन्हा सभासदांपुढे ठेवला, आणि या वेळी जवळपास ७० टक्के मिळाले. २११ वर्षांनी! हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणं म्हणजे रडीचा डाव, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत. पुन्हा विचारणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

१९९९मध्ये पहिल्या दहा मानद महिला सभासद झाल्या, त्यांत हेहो फ्लिंटही होत्या.

गंमत म्हणजे तिथे अध्यक्षपदाला मतदान होत नसे, मावळता अध्यक्षच पुढचं नाव सुचवायचा. कुमार संगकाराने क्लेअर कॉनरचं सुचवलं. २०२१मध्ये ती पहिली महिला अध्यक्ष झाली.