आंकड्यांचा निकाल आणि काळाचा निकाल

परीक्षकानें दिलेले गुण आणि कलाकृतीची खरी योग्यता यांचें नातें नेहमींच अवघड असतें. गणिताच्या उत्तराला दहापैकीं दहा गुण देतां येतात, कारण तेथें बरोबर उत्तर एकच असतें. गाण्याचें तसें नाहीं. तरीहि गेल्या सुमारें साठ वर्षांत पाश्चात्य रॉक संगीताचे आल्बम, म्हणजे एका तबकडीवर एकत्र गुंफलेले गाण्यांचे संच, अक्षरांनीं, ताऱ्यांनीं आणि दशांशांनीं मोजण्याची रीति पडून गेली. ही रीति कां पडली, तिनें काय साधलें आणि काय बिघडविलें, हा इतिहास बोधप्रद आहे.

तबकड्यांची समीक्षा रॉक संगीताहून जुनी आहे. कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारांनीं इंग्लंडांत १९२३ सालीं ‘ग्रामोफोन’ हें मासिक काढलें, तें मुख्यतः अभिजात संगीतासाठीं. अमेरिकेंत ‘डाउन बीट’ या जाझ संगीताच्या पत्रानें १९४० नंतरच्या दशकांत तबकड्यांना तारे देण्याची प्रथा पाडली. पण रॉक संगीत म्हणजे तरुण पोरांचा नाच-गोंगाट. त्याचा गंभीर विचार काय करावयाचा, अशी प्रतिष्ठित पत्रांची वृत्ति होती.

या वृत्तीला पहिला धक्का दिला तो एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यानें. स्वार्थमोर कॉलेजांत शिकणाऱ्या पॉल विल्यम्स यानें १९६६ च्या फेब्रुवारींत ‘क्रॉडॅडी’ नांवाचें पत्र सायक्लोस्टाइल करून काढलें. पुढच्याच वर्षीं यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें ‘रोलिंग स्टोन’ सुरू केलें. त्याच १९६७ सालीं बीटल्स मंडळीचा ‘सार्जंट पेपर’ हा आल्बम निघाला आणि सुटीं गाणीं नव्हेत, तर सबंध आल्बम ही एक कलाकृति मानावी, हा विचार रूढ झाला. सर्वत्र त्याचे गोडवे गाइले जात असतां ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण टीकाकारानें त्यावर कठोर टीका केली. ध्वनिमुद्रणाच्या करामतींखालीं गाण्यांचा जीव गुदमरला आहे, असें त्याचें म्हणणें. वाचक संतापले, पण त्यांना रागावण्यासाठीं कारणें मिळालीं होतीं, आंकडा नव्हे.

अक्षरें आलीं तीं १९६९ सालीं. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकांत रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनीं ग्राहकांसाठीं मार्गदर्शिका लिहिण्यास आरंभ केला. एकेका आल्बमवर थोडींशींच वाक्यें आणि सोबत शाळेच्या प्रगतिपुस्तकांतल्यासारखें ए पासून ई पर्यंत एखादें अक्षर, त्याला अधिक वा उणें चिन्ह. यामागें निव्वळ व्यवहार होता. बाजारांत तबकड्यांचा पूर आलेला, तरुणाच्या खिशांत पैसे थोडे, आणि तबकडी घरीं नेल्यावांचून ती पुरती ऐकतां येत नसे. अशा गिऱ्हाइकाला मोजक्या शब्दांत सल्ला हवा होता. पुढें त्याच साप्ताहिकानें अनेक टीकाकारांची वार्षिक मतमोजणी सुरू केली. प्रत्येकानें १०० गुण दहा आल्बमांत वाटावयाचे. एकाला तिसांहून अधिक नाहींत आणि पांचांहून कमी नाहींत. १९७९ मध्यें डेव्ह मार्श आणि जॉन स्वेन्सन यांनीं संपादिलेल्या ‘रोलिंग स्टोन’च्या तबकडी-मार्गदर्शक ग्रंथांतहि आल्बमांना तारे दिले गेले.

सोय झाली खरी; पण समीक्षकांचे अंदाज किती वेळां चुकले! लेड झेपेलिन या इंग्रज मंडळीच्या १९६९ मधील पहिल्या आल्बमची ‘रोलिंग स्टोन’नें हेटाळणी केली. रोलिंग स्टोन्स या मंडळीच्या १९७२ मधील ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’चें याच पत्रानें जेमतेमच स्वागत केलें. पुढें २००३ सालीं याच पत्रानें सर्वश्रेष्ठ ५०० आल्बमांची यादी केली, तेव्हां ‘एक्झाइल’ला सातवें स्थान मिळालें.

एक उदाहरण महाराष्ट्राशीं नातें सांगणारें आहे. क्वीन या मंडळीचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा, हा पारशी कुटुंबांतला मुलगा पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला आणि तेथेंच सोबत्यांबरोबर वाद्यवृंदांत वाजवूं लागला. क्वीनच्या १९७८ मधील ‘जॅझ’ या आल्बमवर उपर्युक्त डेव्ह मार्श यांनीं असा प्रहार केला कीं, त्या संगीतांत त्यांना हुकूमशाहीचा दर्प दिसला. लोकांनीं तें मानलें नाहीं, आणि २००१ सालीं रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरांत क्वीनला सन्मानानें स्थान मिळालें.

उलट, मत बदलण्याचें धैर्य दाखविणारेहि होते. लेस्टर बँग्स यांनीं १९६९ मध्यें डेट्रॉइटकडील एम-सी-फाइव्ह या मंडळीचा पहिला आल्बम झोडपून काढला. पुढें तेच तिचे चाहते बनले. लेखांत कारणें मांडलेलीं असलीं म्हणजे तीं पुनः तपासतां येतात.

आंकड्याची कमाल झाली ती इंटरनेटच्या युगांत. रायन श्रायबर यांनीं मिनियापोलिस भागांत सुरू केलेल्या ‘पिचफोर्क’नें शून्यापासून दहापर्यंत, तेहि दशांशासह, गुण देण्याची प्रथा पाडली. २००४ सालीं ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या ‘ट्रॅव्हिस्तान’ला त्यानें शून्य गुण दिले. त्याच्या पूर्वींच्या मंडळीची याच पत्रानें तोंड भरून स्तुति केली होती. आतां एका शून्यानें त्याच्या नव्या वाटचालीला जबर धक्का बसला. लिझ फेअर या गायिकेच्या २००३ मधील आल्बमलाहि शून्यच मिळालें होतें. पुढें २०१९ मध्यें त्या टीकाकारानें तिची जाहीर क्षमा मागितली, आणि २०२१ मध्यें पिचफोर्कनें १९ आल्बमांचा फेरविचार केला, त्यांत तोच आल्बम सहा गुणांस पात्र ठरला. मधल्या अठरा वर्षांत गाण्यांचा एक सूरहि बदलला नव्हता.

२००१ मध्यें निघालेल्या ‘मेटाक्रिटिक’नें तर सर्वांच्या मतांची शंभरांत सरासरीच काढली. अक्षराचा आंकडा झाला. आणि ज्या लेखकानें गुण दिलेच नव्हते, त्याच्या लेखावरूनहि तेथील मंडळींनीं गुण ठरविले. संशय, कौतुक, विरोध हें सारें एका संख्येंत आटलें.

परंतु अखेरचा आंकडा कोणाच्याच हातीं नसतो. २००३ च्या यादींत पहिला आलेला ‘सार्जंट पेपर’ २०२० च्या नव्या यादींत चोविसावा झाला, आणि मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला. मतदार बदलले, त्यांचे अनुभव बदलले, म्हणून क्रम बदलला.

यावरून टीकाकार निरुपयोगी ठरत नाहीं. असंख्य आल्बमांच्या गर्दींत वाट दाखविणारा कोणी तरी हवाच, आणि घाईच्या गिऱ्हाइकाला आंकड्याची मदत होते. मात्र आंकडा त्या दिवसापुरता असतो. गोल्डस्टीन यांचा आक्षेप मान्य असो वा नसो, त्यावर आजहि वाद घालतां येतो, कारण त्यांनीं तो शब्दांत मांडला. शून्याशीं वाद घालतां येत नाहीं. म्हणून सुज्ञ रसिकानें टीकाकाराचीं कारणें आधीं वाचावींत, मग गाणें आपल्या कानांनीं ऐकावें, आणि आंकड्याकडे पहावयाचेंच असेल, तर सर्वांच्या शेवटीं पहावें.