तार तुटते, मग?

तंबोऱ्याचा भोपळा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तार मात्र नाही. ताणलेली तार खुंटीपाशी वाकते, घोडीवर घासते आणि बहुधा तिथेच तुटते. पोलादी तारेला घामाने गंज चढतो. आमच्या दिव्याची खाडीकाठची दमट हवा त्यात भरच घालते. शिवाय तार घोडीवर चर पाडते. मग घोडी घासून जवारी पुन्हा लावावी लागते.

हे काम मिरजेचे. १९व्या शतकात हत्यारांची मागणी सरली, तेव्हा तिथल्या शिकलगारांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली. फरीदसाहेबांचे नाव त्यांत आधी घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आनंद झाला. पण मंडळी, तार बाजारात मिळते. जवारी लावणारा हात वडिलांशेजारी बसूनच तयार होतो. तो धागा तुटला, तर कुठून आणायचा?