एमआरआय मशीन कधीच ‘बंद’ का नसतं? शरीरातल्या पाण्याचं चित्र काढणाऱ्या चुंबकाची गोष्ट

“अंगावर काही धातूचं आहे का? मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, करगोटा, घड्याळ?”

एमआरआयच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला हा प्रश्न दोन-तीनदा तरी विचारला जातो. काही जण वैतागतात. “अहो, एकदा सांगितलं ना!” पण विचारणारा उगाच विचारत नसतो.

जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात 32 वर्षांचा एक तरुण नातेवाइकाच्या एमआरआयसाठी सोबत आला होता. तो ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन मशीनच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर खेचला, सिलिंडरसोबत तोही खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं. अमेरिकेत 2001 मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा असाच दगावला. तो मशीनमध्ये झोपलेला असताना सिलिंडर उडत आत आला होता.

‘मशीन बंद आहे’ हे वाक्य एमआरआयच्या बाबतीत जवळपास कधीच खरं नसतं. स्क्रीन काळी असेल, आवाज थांबलेला असेल, रात्री दवाखान्याला कुलूप असेल, तरी चुंबक चालूच असतं. ते का, हे समजायचं तर हे मशीन नेमकं करतं काय, इथून सुरुवात करावी लागेल.

एक्स-रेचा इथे काही संबंध नाही

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये शरीरातून किरण आरपार जातात आणि पलीकडे त्यांची सावली पडते. एमआरआयमध्ये सावली वगैरे काही नसते. इथे शरीरातूनच एक अगदी क्षीण रेडिओ सिग्नल बाहेर येतो आणि मशीन तो ऐकतं. हा सिग्नल मुख्यतः पाण्यातून आणि चरबीतून येतो.

आपल्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणी आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे एक एकटा प्रोटॉन. प्रोटॉनला ‘स्पिन’ नावाचा गुणधर्म असतो. त्यामुळे तो अगदी चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. एरवी हे कोट्यवधी चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकतो आणि बाहेर काहीच जाणवत नाही.

आता या माणसाला मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात झोपवा. दवाखान्यातलं नेहमीचं मशीन 1.5 टेस्लाचं असतं, काही ठिकाणी 3 टेस्लाचं. महाराष्ट्रात आपल्याला जे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मिळतं, त्याच्या सुमारे 35 हजार पट म्हणजे 1.5 टेस्ला. इतक्या ताकदीपुढे सगळे प्रोटॉन शिस्तीत एका रांगेत उभे राहत असतील असं वाटतं ना? बऱ्याच व्हिडिओंमध्ये तसंच दाखवतात. प्रत्यक्षात शरीराची ऊब त्यांना सारखी ढकलत असते. 10 लाख प्रोटॉन घेतले तर क्षेत्राच्या दिशेने झुकणाऱ्यांची बढत असते जेमतेम पाचची!

एवढ्याशा बढतीवर अख्खं तंत्र उभं आहे. ते जमतं, कारण प्रोटॉनची संख्या अफाट आहे. एका घन मिलिमीटर पाण्यात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कमी जागेत, ही बढत तीन कोटी गुणिले एक कोटी इतकी भरते. मात्र हेच गणित असंही सांगतं की चुंबक जितकं जबर, तितकी बढत जास्त आणि चित्र स्वच्छ. म्हणून एवढं मोठं चुंबक लागतं.

भोवरा आणि रेडिओ

जमिनीवर फिरणारा भोवरा थोडा कलला की तो पडत नाही, त्याचं डोकं गोल गोल घुमायला लागतं. चुंबकीय क्षेत्रातले प्रोटॉनही असेच घुमतात. किती वेगाने, ते क्षेत्राच्या ताकदीवर ठरतं. एका टेस्लाला सेकंदाला 4 कोटी 25 लाखांहून जास्त फेऱ्या, म्हणजे 42.58 मेगाहर्ट्झ. 1.5 टेस्लाच्या मशीनमध्ये हा आकडा 64 मेगाहर्ट्झच्या आसपास जातो आणि 3 टेस्लाला 128 च्या आसपास. आपलं एफएम रेडिओ 88 ते 108 मेगाहर्ट्झवर वाजतं. म्हणजे शरीरातले प्रोटॉन एफएमच्या अगदी शेजारच्या पट्ट्यात बसलेले असतात.

मशीन बरोब्बर याच वारंवारतेची रेडिओ लहर सोडतं. झोक्याला योग्य वेळी हलका धक्का देत राहिलं की झोका उंच जातो, चुकीच्या वेळी कितीही जोर लावला तरी जात नाही. याला अनुनाद म्हणतात आणि एमआरआयमधला ‘आर’ म्हणजे हाच रेझोनन्स. लहरीमुळे प्रोटॉनचा एकत्रित कल आडवा होतो. लहर थांबली की हे आडवं पडलेलं चुंबकत्व घुमत राहतं आणि जवळ ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यात किंचित वीज निर्माण करतं. सायकलच्या डायनामोमध्ये फिरणारं चुंबक वीज तयार करतं, तत्त्व तेच. डोक्याभोवती जो पिंजऱ्यासारखा साचा बसवतात किंवा गुडघ्याला जो पट्टा गुंडाळतात, ती हीच ऐकणारी वेटोळी.

हा सिग्नल इतका नाजूक असतो की बाहेरचा रेडिओ, मोबाइल वगैरे आत शिरू नयेत म्हणून संपूर्ण खोलीला धातूच्या पत्र्याचं अस्तर लावलेलं असतं. दार जाडजूड असतं ते त्यासाठी. किरणोत्सर्ग अडवायला नव्हे. किरणोत्सर्ग तिथे नसतोच. रेडिओ लहरीत अणूमधला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते, त्यामुळे सीटी स्कॅनची जी धास्ती लोक घेतात ती इथे लागू नाही. गंमत म्हणजे या तंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ शब्द होता, अणुकेंद्र या साध्या अर्थाने. पेशंट घाबरतात म्हणून दवाखान्यांनी तो गुपचूप गाळून टाकला.

गाठ आणि मेंदू वेगळे कसे दिसतात?

सगळीकडे पाणीच आहे, मग सगळं सारखंच दिसायला हवं. इथे खरी युक्ती आहे. आडवे पडलेले प्रोटॉन पूर्वस्थितीत यायला किती वेळ लावतात, हे त्या पाण्याच्या शेजारीपाजारी काय आहे यावर ठरतं. दोन वेगवेगळी घड्याळं असतात. पहिलं, टी-1, मोजतं की मूळ दिशेची बढत परत किती वेळात भरून येते. दुसरं, टी-2, मोजतं की एकत्र घुमणाऱ्या प्रोटॉनचा ताल किती वेळात बिघडतो.

मेंदूभोवतीच्या द्रवासारखं मोकळं पाणी दोन्हीत निवांत असतं, सेकंद-सेकंद घेतं. स्नायूतल्या पाण्याचा ताल सेकंदाच्या अगदी छोट्या अंशातच फिसकटतो. चरबीची बढत चटकन भरून येते. कधी लहर सोडायची आणि कधी ऐकायचं, हे बदललं की चित्राचा रंगच बदलतो. एका प्रकारात चरबी पांढरीशुभ्र आणि पाणी काळं, दुसऱ्यात पाणी चकाकतं. सूज म्हणजे जास्तीचं पाणी, त्यामुळे ती दुसऱ्या प्रकारात उठून दिसते. रिपोर्टवर ‘टी-1’, ‘टी-2’ लिहिलेलं दिसतं ते हेच. घट्ट हाडाचा सिग्नल मात्र ऐकायच्या आतच विझतो, म्हणून ते काळं दिसतं. साध्या फ्रॅक्चरला डॉक्टर एक्स-रेवर भागवतात, त्यामागे नुसता खर्चाचा विचार नसतो.

पाणी किती मोकळेपणाने हलतंय, हेसुद्धा मोजता येतं. पक्षाघाताच्या झटक्यात रक्त तुटलेल्या पेशी फुगतात आणि पाण्याची हालचाल अडते. सीटीवर सुरुवातीच्या काळात काहीच दिसत नसताना एमआरआयवर तो भाग चमकतो. अशा वेळी हा फरक माणसाचा हात-पाय वाचवू शकतो.

कुठून आवाज आला, हे कसं कळतं?

1971 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रेमंड डमाडियन यांनी दाखवून दिलं होतं की उंदरांच्या कर्करोगाच्या गाठीत ही घड्याळं निरोगी ऊतीपेक्षा हळू चालतात. पण सिग्नल तर सगळ्या शरीरातून एकत्रच येतो. गाठ डाव्या बाजूला की उजव्या, कोण सांगणार?

उत्तर पॉल लॉटरबर यांना सुचलं. क्षेत्र सगळीकडे सारखं ठेवण्यासाठी शास्त्रज्ञ जिवाचं रान करत होते. लॉटरबर म्हणाले, ते मुद्दाम थोडं उतरतं करू. एका टोकाला किंचित जास्त, दुसऱ्या टोकाला किंचित कमी. वारंवारता क्षेत्रावर ठरत असल्याने आता प्रत्येक जागेचा सूर वेगळा झाला. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखं समजा, डावीकडून उजवीकडे सूर चढत जातो. कान तयार असेल तर नुसत्या आवाजावरून कुठली पट्टी दाबली ते सांगता येतं. दर मीटरला 10 मिलिटेस्लाचा उतार दिला, तर एक मिलिमीटर सरकल्यावर सूर सव्वाचारशे हर्ट्झने बदलतो. अनेक पट्ट्या एकदम दाबल्या तरी मिश्रणातून वेगवेगळे सूर काढायचं गणित फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच करून ठेवलं होतं.

लॉटरबर यांचं पहिलं चित्र 1973 मध्ये छापून आलं. त्यात होत्या पाणी भरलेल्या दोन बारीक नळ्या! तो निबंध ‘नेचर’ने आधी नाकारला होता. ब्रिटनमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी हे काम पुढे नेलं, वेगवान केलं. 1977 मध्ये डमाडियन यांनी जिवंत माणसाच्या छातीचं चित्र घेतलं, त्याला पावणेपाच तास लागले. 2003 चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं, डमाडियन यांना नाही. त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. गाठ ओळखण्याची आशा त्यांनी दाखवली हे खरं, पण चित्र काढायची आज वापरात असलेली रीत उरलेल्या दोघांची आहे, त्यामुळे मला तो निर्णय अगदीच चुकीचा वाटत नाही. तिघांना मिळालं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती.

एक भारतीय दुवाही आहे. 1951 मध्ये अमेरिकेत अल्कोहोलमधल्या हायड्रोजनचे तीन वेगळे सूर दाखवणाऱ्या गाजलेल्या प्रयोगात एस. एस. धर्मट्टी होते. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच या विषयाचं काम उभं केलं.

उतार एका दिशेने लावून काप निवडतात, दुसऱ्या दिशेने लावून सूर वाचतात. तिसऱ्या दिशेसाठी मात्र थोडा थोडा बदल करत तोच प्रयोग अनेकदा करावा लागतो. वीस-तीस मिनिटं लागतात आणि “हलू नका” म्हणतात, ते त्यासाठी. हा उतार ज्या वेटोळ्यांनी देतात, त्यांच्यात वीज भराभर चालू-बंद होते. मोठ्या चुंबकाजवळ प्रत्येक वेळी त्यांना जोराचा झटका बसतो आणि ती थरथरतात. तो ठकठकाट म्हणजे हेच. काही बिघडलेलं नसतं.

आता मूळ प्रश्न

मोठं चुंबक म्हणजे निओबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं. ते द्रवरूप हेलियममध्ये उणे 269 अंशांवर ठेवलेलं असतं. इतक्या थंडीत त्या तारेचा विरोध शून्य होतो. एकदा वीज सोडली की ती फिरतच राहते, बाहेरून पुरवठा नको. लाइट गेले तरी क्षेत्र तसंच. ते तातडीने संपवायचं असेल तर एकच मार्ग, ‘क्वेंच’चं बटण. मग तार तापते, हेलियम उकळतो आणि एका लिटरचे सातशेहून जास्त लिटर वायू होऊन छतावरच्या नळीतून बाहेर जातो. मशीन पुन्हा उभं करायला दिवस आणि बरेच लाख लागतात. त्यातही क्षेत्र उतरायला काही क्षण जातातच.

धोक्याचा आणखी एक फसवा भाग आहे. लोखंडावरचा ओढा नुसत्या क्षेत्रावर ठरत नाही, क्षेत्र किती झपाट्याने बदलतं यावरही ठरतो. दारापाशी जवळजवळ काही जाणवत नाही. बोगद्याच्या तोंडाशी मात्र क्षेत्र एकदम चढतं आणि एक-दोन पावलांत हातातली वस्तू हातात राहत नाही. “जड वाटलं की मागे येऊ” हा हिशेब तिथे चालत नाही. सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर, कात्री, सगळ्यांना हे लागू.

सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, मग मंगळसूत्र का काढायचं? एक तर आतली तार, हुक कशाचा आहे हे कुणी खात्रीने सांगत नाही. दुसरं, रेडिओ लहरीमुळे धातूच्या तारेत वीज फिरून ती तापू शकते आणि आसपासचं चित्रही वेडंवाकडं होतं. जरीच्या कपड्यांना तोच नियम. साडीची सेफ्टी पिन तर सरळ पोलादाची असते. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप असेल तर कागदपत्रं दाखवा. आजकालचे काही पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

फॉर्मवर एक प्रश्न लोक न वाचता ‘नाही’ करतात. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम केलेल्यांनी तिथे थांबावं. वर्षांपूर्वीचा, विसरलेला लोखंडाचा कणही आत सरकून डोळ्याला इजा करू शकतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात. त्याला काही मिनिटं लागतात.