तांबड्या बटणाचा इतिहास

मराठीत 'कळ' म्हणजे यंत्राचा खटका आणि 'कळ' म्हणजे वेदनाही. व्युत्पत्ती काहीही असो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेससमोर उभे राहिले, की हे दोन अर्थ फार जवळ येतात.

मुंबईतील पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली. वाफेच्या गिरणीत एक इंजिन, त्याने फिरणारा लांब शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे पट्टे अशी रचना असे. कामगार आपल्या यंत्राचा पट्टा मोकळ्या कप्पीवर सरकवू शके; डोक्यावरचा शाफ्ट मात्र फिरतच राही. 1915 साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना जलविद्युत मिळू लागली. पुढे यंत्रागणिक स्वतंत्र मोटर आली आणि तिच्याबरोबर बटणांची जोडी रूढ झाली: हिरवे व तांबडे.

दिसायला सारखी असलेली ही बटणे स्वभावाने विरुद्ध आहेत. हिरव्यातील संपर्क एरवी तुटलेला असतो. दाबताच जुळतो आणि बोट उचलताच स्प्रिंग त्याला मागे ढकलते. दारावरच्या घंटेचे बटणही याच जातीचे. बोट उचलले की घंटा थांबते. मोटरच्या स्टार्टरमध्ये मात्र तेवढ्या क्षणात विद्युतचुंबक संपर्क ओढून घेतो आणि नंतर प्रवाह स्वतःच धरून ठेवतो. तांबड्यातील संपर्क एरवी जुळलेला असतो. दाबला की तुटतो. त्याची तार तुटली तरी यंत्र थांबते. वीज जाऊन परत आली, तरी यंत्र आपण होऊन सुरू होत नाही. दोन्ही बटणे एकदम दाबली, तर तांबडेच जिंकते. आणीबाणीचे छत्रीसारखे बटण तर दाबलेलेच राहते. ते मुद्दाम मोकळे करावे लागते.

पॉवर प्रेसवर दोन बटणे दूरदूर बसवतात, म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर गुंतून राहतात. मजुरी नगावर ठरली, की हा विचार मोडतो. एक बटण काडी खुपसून दाबून ठेवले, की एक हात मोकळा होतो, कामाचा वेग वाढतो आणि तोच हात साच्याखाली सापडतो. म्हणून सुधारित यंत्रणेत दोन्ही बटणे जवळजवळ एकाच वेळी दाबावी लागतात आणि प्रत्येक ठोक्यानंतर सोडावी लागतात.

कामगार-साहित्य शिकवताना आपण भोंग्याविषयी पुष्कळ बोलतो. भोंगा मालकाचा होता. थांबण्याचा अधिकार कामगाराच्या हातापाशी ठेवणारे तांबडे बटण मात्र आपल्या वाचनातून निसटले आहे.