मूतखडा फुटल्यानंतरचे दिवस

शरीराला छेद न देता आघाततरंगांनी मूतखडा फोडण्याची पद्धत प्रथम १९८० साली म्युनिकमध्ये वापरली गेली. खडा फुटला म्हणजे दुखणे संपले, हा समज मात्र खरा नव्हे. त्याचा चुरा लघवीवाटे बाहेर पडण्यास काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. सुरुवातीस लघवी लालसर होणे, कुशीवर काळानिळा डाग उमटणे, कण सरकताना कळा येणे हे अपेक्षितच असते. बंद केलेली अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये.

दिवसभरात सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. लघवी गाळून सापडलेले कण जपून ठेवावेत. चहाची जुनी गाळणी पुरते. खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा की युरिक आम्लाचा, हे तपासणीत कळते आणि पथ्य त्यावर ठरते. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने टोमॅटो सोडण्यात अर्थ नाही.

क्वचित कणांची रांगच मूत्रवाहिनीत अडकते. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे; अडलेल्या मूत्रपिंडातील जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. स्टेंट बसविला असल्यास तो काढण्याची तारीख लिहून ठेवावी. विसरलेल्या स्टेंटवरच नवे खडे जमतात.