अण्णांचा गाल आणि ग्राट्सचे डॉक्टर

अण्णांचं सायनसचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चौथीत होतो. वरचा ओठ उचलून, हिरडीवर काप देऊन गालाच्या हाडाला भोक पाडलं आणि आतलं अस्तर खरवडून काढलं. पुढे कित्येक वर्षं तो गाल बधिर होता. दाढी करताना कापलं तरी कळायचं नाही. आणि पावसाळा लागला की डोकं परत जड!

गेल्या वर्षी माझंही झालं. नाकपुडीतून दुर्बीण घातली, बाहेर एक टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. एकाच घरात, एकाच दुखण्याला दोन उपचार. मधे काय घडलं, ते शोधत बसलो.

अण्णांचं ऑपरेशन न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल (१८९३) आणि पॅरिसच्या आंरी ल्यूक (१८९७) यांच्या नावाचं. तेव्हा समज असा, की आतलं अस्तर कायमचं बिघडलं, ते काढून टाका.

ही समज बदलली ती ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात. डॉ. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी आतला चिकट द्राव कुठून कुठे वाहतो, ते वर्षानुवर्षं पाहिलं. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो द्राव कायम मूळ तोंडाकडेच ढकलतात. खाली दुसरं भोक पाडलं तरी तिकडे वळत नाहीत. आपल्याकडच्या न्हाणीघरासारखंच आहे हे. उतार मोरीकडे असेल, तर मागच्या भिंतीला भोक पाडून पाणी जाणार आहे का? मोरीचं तोंडच मोकळं करावं लागतं. ते केलं की बिघडलेलं अस्तरही बऱ्याचदा सुधारतं.

हे आत डोकावून बघायला इंग्लंडच्या हॅरॉल्ड हॉपकिन्सची दुर्बीण कामी आली. काचेच्या कांड्या बसवून त्यांनी १९५९ च्या सुमारास बारीक नळीतून लख्ख चित्र आणलं. ७० च्या दशकात सीटी स्कॅन आला. मेसरक्लिंगर यांचे शिष्य हाइन्झ स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी ८० च्या दशकात ही पद्धत जगभर नेली. १९८५ साली तिला नाव मिळालं, ‘फेस’.

ही जादू नाही, हेही सांगतो. आधी औषधं, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. त्यानं भागलं नाही तरच ऑपरेशन. डोळा आणि मेंदू अगदी शेजारी, त्यामुळे हात सरावाचाच हवा. नाकातले कोंब काहींना परत येतात.

पण अण्णांच्या ऑपरेशनच्या वेळी ही पद्धत जगात होती. आमच्यापर्यंत पोचली नव्हती, एवढंच. आज माझ्यासाठी ती जिल्ह्याच्या गावी खासगी दवाखान्यात, पैसे मोजून मिळाली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आजही दुर्बीण नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो अजून अण्णांच्याच काळात आहे.

दुर्बीण आणि ती वापरणारा डॉक्टर, दोन्हींची मागणी लेखी दिली आहे. तुमचा अनुभव खाली लिहा, तोही अर्जाला जोडतो.